हात दाखवा, तानाजीभाऊ

सुजाता मॅडमच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर दारातच दोन्ही हात पुढं करायला लागायचे, शाळेत पोरांची नखं बघतात तसे. मोठ्या साहेबांचेबी. माझे तर त्या दोनदा बघायच्या, कारण टकलावर केस चार अन् खोबरेल पाव वाटी. "हात दाखवा, तानाजीभाऊ! परत धुऊन या. साबण लावून!" त्यांचा आवाज चढला की शेजारच्या शेडमधली माणसं मिक्सर बंद करून ऐकायची.

तळवड्याच्या रंगाच्या कंपनीत मी काचेच्या बशा धुणारा. शाळा तिसरीपर्यंत, तीबी मास्तरांनी ढकलली म्हणून. मॅडम फिजिक्सच्या डॉक्टर, वडील भोसरीत हॅमरवर कामाला. "बाबांनी आयुष्यभर लोखंड बडवलं, मी थेंबाच्या मागे लागलेय," म्हणायच्या. साबण कालवल्यासारख्या पाण्यात तेलाचा बारीक थेंब सोडला की तो आपला आपण पळायचा. इंजिन न्हाई, ढकलणारा न्हाई. मी पयल्यांदा भिंगातून बघितलं अन् इचारलं, "मॅडम, आत किडा हाय का?" आधी खवळल्या. मग समजावलं. थेंब जरा जरा विरघळत जातो, त्यातनंच त्याला जोर मिळतो. "पण त्या पाण्यात दुसरं तेल गेलं की थेंब मेला. म्हणून हात!"

"ह्यातून रंगाचा कुठला डबा निघणार?" साहेब दर मीटिंगला इचारायचे. एकदा मॅडम भडकल्या, "तुमची मुलगी रांगायला लागली तेव्हा विचारलं होतं का, कुठला डबा निघणार?" तवापासून प्रयोगशाळा बंद करायची भाषा सुरू झाली. दसरा झाला की हेड ऑफिसचे लोक येऊन थेंब बघणार अन् काय ते ठरवणार.

खंडेनवमीला सगळ्या शेडमध्ये मशीनची पूजा. मॅडमना पूजाबिजा पटायची न्हाई, त्या सुट्टी टाकून घरी. मला वाटलं, आपल्या मॅडमच्या हत्यारांना कोण वाली? आमच्यात इळा-कोयता धुऊन, तेल लावून मगच पाटावर मांडतात. मी मायक्रोस्कोपला झेंडूचा हार घातला अन् झाडून सगळ्या बशांना खोबरेल चोळलं. मग कापडानं अशा पुसल्या की त्यात माझं टक्कल दिसाया लागलं. पूजा झाल्यावर न धुता तशाच स्वच्छ बशांच्या कपाटात लावून ठेवल्या. नऊ वर्षं रोज हात दाखवणारा गडी, पण त्या दिवशी एकदाबी हात आठवले न्हाईत. अक्कल अशी.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी हेड ऑफिसचे तिघं आले. पडद्यावर थेंब दिसला. हलंना. मॅडमनी दुसरी बशी घेतली, तिसरी घेतली. थेंब सगळे बसलेले. मॅडमनी बशी नाकाला लावली अन् माझ्याकडं बघितलं. मी बुटाकडं.

साहेब म्हणाले, "काय मॅडम, थेंब ओव्हरटाइम मागतोय का?"

तिघं हसले. अन् मीबी हसलो. मोठ्यानं. साहेबांच्या जोकला हसायची सवय. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटती, अन् त्या साहेबाच्या त्याच्या आधी.

माझं नाव घ्यायला मॅडमना एक शब्द लागला असता. मी कंत्राटी, त्याच संध्याकाळी गेटबाहेर गेलो असतो. त्या म्हणाल्या, "बशी तपासायचं काम माझं. चूक माझी. मला एक दिवस द्या." साहेब घड्याळ बघत म्हणाले, "नऊ वर्षं दिली की." तवाबी मी तोंड उघडलं न्हाई.

महिन्यात कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी मी दारात हात पुढं करून उभा राहिलो. "मॅडम, तेल मी लावलं व्हतं. पूजेला."

"माहितीये. वास आला होता." त्यांनी खोकं उचललं. मी धरायला गेलो तर बाजूला झाल्या. "तेलाचा राग नाही मला, तानाजीभाऊ. हसलात कशाला?"

मॅडम गेटपातूर गेल्या, तरी मी हात तसेच पुढं धरून उभा.