माथ्यावरचं टाकं

माझ्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसवून वर्ष झालं आणि त्याला डोंगर आठवला. पुण्यात कॉलेजात असताना दर रविवारी हा कुठल्या तरी किल्ल्यावर असायचा. दुबईशेजारी अजमानला आल्यापासून एकोणीस वर्षं म्हणजे घर, दुबईत अल क्वोजमधलं वर्कशॉप आणि मधला ट्रॅफिक. डॉक्टर चाला म्हणाले होते, डोंगर चढा नव्हते म्हणाले. पण ऐकेल तर शपथ.

रास अल खैमाकडचा डोंगर ठरला. एका बाजूनं चढायचं, माथ्यावरून पलीकडे उतरायचं आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून फेरा मारून गाडीपाशी यायचं. मुलाला विचारलं, तर "यू गाइज गो" म्हणून त्यानं कूस बदलली.

मी दीड लिटरच्या चार बाटल्या भरल्या, दोन त्याच्या सॅकमध्ये, दोन माझ्या. "कशाला ओझं?" तो म्हणाला. वर्कशॉपमधल्या एका स्थानिक माणसानं त्याला सांगितलं होतं, वर जुनं ओसाड गाव आहे, पाण्याचं दगडी टाकं आहे. झालं. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला वर टाकं म्हटलं की त्यात गार पाणी दिसतंच. एकोणीस वर्षं वाळवंटात काढली तरी ते डोक्यातून जात नाही.

चढताना त्याच्या दोन्ही बाटल्या संपल्या. माझा गुडघा ठणकत होता, पण सॅक हलकी वाटत होती. म्हटलं, अजून दम आहे आपल्यात.

टाकं होतं. छान बांधलेलं, आणि तळाला भेगा पडलेला चिखल, त्यावर बकऱ्यांच्या लेंड्या. त्यानं वाकून बघितलं. "खलास," म्हणाला.

"असू दे, माझ्याकडच्या आहेत ना," म्हणत मी सॅक उघडली. आत एकच बाटली.

"एक मी गाडीत सीटखाली ठेवली," तो म्हणाला. "तुझा गुडघा दुखतो म्हणून."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी त्याला तिथेच ऐकवलं. मागे फिरलं तरी तीन तास, पुढे गेलं तरी तीन तास. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. फोनला रेंज नव्हती. याला काही झालं तर मी इथे कोणाला हाक मारणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला फार भीती वाटत होती.

आम्ही पुढे निघालो. दर अर्ध्या तासानं थांबायचं आणि एकेक घोट घ्यायचा, असं ठरलं. आमच्याकडे बाटली वरून प्यायची पद्धत, पण मी बजावलं, "तोंड लावून पी, एक थेंब सांडायचा नाही." माझी पाळी आली की मी बाटली तोंडाला लावायचे, जीभ आड धरायचे आणि नुसता गळा हलवायचे. पाणी त्याला पुरायला हवं होतं. माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. बोलायचं त्राण नव्हतं, तरी मधूनमधून त्याला बोल लावत होते. निदान तो उत्तर देतोय, हे कळायचं.

गाडी दिसली तेव्हा दोघं तिच्या सावलीत मटकन बसलो. पाय माझे राहिलेच नव्हते. उरलेलं त्याला संपवायला लावावं म्हणून मी बाटली बाहेर काढली आणि उजेडात धरली.

ती जवळजवळ भरलेलीच होती. जेमतेम दोन बोटं पाणी कमी झालं होतं.

मी त्याच्याकडे बघितलं. ओठ फुटलेले, कानशिलावर घामाचं मीठ. तीन तास हा माणूस स्टेंटवाली छाती घेऊन माझ्यासारखाच नुसता गळा हलवत उतरला होता, आणि वर मीच त्याला बोल लावत होते. मला इतका राग आला की रडूच आलं.

तोही बाटलीकडे बघत होता. मग माझ्याकडे. त्यानं बाटली घेतली, टोपण काढलं आणि ती परत माझ्या हातात दिली.

"आता खरंच पी," तो म्हणाला. "मी बघतोय."