थंड खोलीतले चिंचिला

आमच्याकडे चिंचिला आले तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. दक्षिण दिल्लीतलं सरकारी क्वार्टर, दुसरा मजला, दोन खोल्या आणि एकच एसी. मी आणि नवरा दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत, वेगवेगळ्या खात्यांत. मूळचे आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. दिल्लीत आलो ते बदलीवर, आणि राहिलो ते राहिलोच.

मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी एक मराठी मुलगी दर रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला यायची. संशोधन करत होती. परदेशी जायचं ठरलं तेव्हा ती एका ऑक्टोबरात रिक्षातून मोठा पिंजरा घेऊन आली. आत नर आणि मादी. सशापेक्षा लहान, खारीसारखं शेपूट, उंदरासारख्या मिशा, आणि राखाडी लोकर इतकी दाट की बोट घातलं तर कातडीपर्यंत पोहोचत नाही.

"काकू, हे थंड डोंगरातले प्राणी आहेत," ती म्हणाली. "यांना घाम येत नाही. पंचवीसच्या वर तापमान जाऊ द्यायचं नाही. पाण्याने आंघोळ घालायची नाही. बारीक माती भरलेल्या भांड्यात सोडायचं, ते स्वतःच लोळतात. बाकी गवत आणि दाणे."

"आणि मे महिन्यात?" मी विचारलं.

"एसी आहे ना तुमच्याकडे."

मी नाही म्हणणार होते. पण मुलगी पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली होती आणि मादीने तिच्या बोटाला नाक लावलं होतं. आमची मुलगी तेव्हा फार एकटी होती. शाळा बदलली होती, मैत्रिणी नव्हत्या. मी हो म्हटलं.

तो हिवाळा चांगला गेला. दिल्लीची थंडी त्यांना मानवली. संध्याकाळी पिंजरा उघडला की दोघं भिंतीवर पाय देऊन उड्या मारायचे. मुलीने शाळेच्या वहीत त्यांचं वजन लिहायला सुरुवात केली. मादीचं वजन वाढत गेलं. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मुलगी ओरडत स्वयंपाकघरात आली, "आई, दोनपेक्षा जास्त आहेत!" चार होते. दोन पिल्लं जन्मली होती, अंगावर पूर्ण लोकर, डोळे उघडे, ओली, पण चालणारी. त्यांतलं एक तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं, मादी, जगलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर पहिली गोष्ट सांगितली होती, "मेल को अलग कर दीजिए, आज ही।" व्यायल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणाले. आमच्याकडे दुसरा पिंजरा नव्हता. नवरा म्हणाला, "शनिवारी आणू. दोन दिवसांनी काय होतंय?" मला कुठेतरी वाटलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावं नराला. पण ऑफिसात संसदेच्या प्रश्नांची उत्तरं जायची होती, आणि मी ते सोडून दिलं. शनिवारी पिंजरा आला. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मादीचं पोट हाताने पाहिलं आणि पिल्लं मे महिन्यात होतील, असं सांगितलं. मुलीला आनंद झाला. मी मात्र कॅलेंडरकडे बघत राहिले.

एप्रिलमध्येच पहिल्यांदा दुपारची लाइट गेली. एसी बंद पडल्यावर खोली तापायला फार वेळ लागला नाही. मादीचे कान लाल झाले. नवऱ्याने युक्ती काढली. दोन्ही पिंजरे खाली नेले, मागची सीट पाडून गाडीत ठेवले, गाडीचा एसी लावला, आणि आम्ही तिघं दोन तास रिंग रोडवर फिरत राहिलो. मुलगी मागे पिंजऱ्यांना हात लावून बसली होती. आम्ही हसत होतो. लाल दिव्यावर शेजारच्या बसमधले लोक वाकून बघत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात ठरून गेलं की लाइट गेली तर गाडी.

मेच्या सुरुवातीला पपा, म्हणजे माझे सासरे, नगरहून आले. निवृत्त शिक्षक, दमेकरी. तिथल्या औषधांनी गुण येत नव्हता म्हणून आम्हीच बोलावून घेतलं. त्यांची खाट एसीच्या खोलीत टाकली. चिंचिलांच्या मातीच्या धुळीने खोकला वाढेल म्हणून मातीचं भांडं मी बाल्कनीत नेलं. "पिंजरे दुसऱ्या खोलीत हलवू का पपा?" मी विचारलं.

"राहू दे. मला सोबत आहे," ते म्हणाले. मग पिंजऱ्याकडे बघून, "देवाने एवढं पांघरूण घालून यांना दिल्लीला कशाला पाठवलं असेल गं?"

नातीशी त्यांची गट्टी जमली. ती गवत बदलताना ते खाटेवरून तिला मराठी म्हणी सांगायचे, तिला निम्म्या कळायच्या नाहीत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते मादीचं नाव घ्यायचे, सुखरूप सुटका होऊ दे म्हणून. मुलीने चिंचिलांना दिलेली नावं मी इथे लिहीत नाही. ती तिची आहेत.

तो शनिवार होता. नवरा टूरवर गुवाहाटीला. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता. अकराच्या सुमाराला लाइट गेली. खालच्या चौकातला ट्रान्सफॉर्मर जळाल्याचं कळलं. सगळा ब्लॉक बंद. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालायचे, आणि ते गरम हवा फिरवत होते. मुलगी म्हणाली, "चलो आई, गाडी." मी चाबी घेतली, पपांना सांगायला खोलीत गेले. ते खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते. बोलता येत नव्हतं. ओठ निळसर पडले होते.

पंप दिला, उपयोग झाला नाही. मी जिन्यात जाऊन खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हाक मारली. ते पंजाबी गृहस्थ, आमच्यापेक्षा वयाने मोठे, तसेच बनियनवर धावत आले. आम्ही पपांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. मुलगी छोटा पिंजरा उचलून आमच्या मागोमाग आली.

"आई, डिकीत ठेवते. दोन्ही बसतील. मी पण येते."

"आत्ता? तुला काही समजतं का?" मी तिच्यावर ओरडले. "आजोबांकडे बघ जरा!"

तिने पाहिलं. मग पिंजरा पायरीवर ठेवला. "मग गाडी परत कधी?"

"अर्ध्या तासात. मी आणते. तोवर बर्फ ठेव त्यांच्याजवळ."

हे मी म्हणाले. आजही मला माझा आवाज ऐकू येतो. मी खोटं बोलत नव्हते, तेव्हा मला तसं खरंच वाटलं होतं.

हॉस्पिटलमध्ये पपांना ताबडतोब आत घेतलं, ऑक्सिजन लावला. मला आणि सोबत आलेल्या शेजाऱ्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. फोन पर्समध्ये होता, आवाज बंद. मी कागदांवर सह्या करत होते, औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते, नवऱ्याला फोन लागत नव्हता म्हणून त्याच्या ऑफिसात कुणाला तरी निरोप देत होते. त्या एका फोनसाठी मी मोबाइल काढला तेव्हा मुलीचे चार मिस्ड कॉल दिसले. नंतर करते, असं मनात म्हटलं आणि विसरले.

साडेबाराच्या सुमारास शेजारी म्हणाले, "बहनजी, चाबी मुझे दे दीजिए। बच्ची अकेली है, उसके जानवर भी हैं। मैं देख आता हूँ।"

"रुकिए ना," मी म्हटलं. "इन्हें कहीं और ले जाना पड़ा तो?"

पपांना दुसरीकडे न्यायचं म्हणजे अँब्युलन्सच लागली असती. माझ्या गाडीचा काहीच उपयोग नव्हता. पण चाबी हातात होती तोवर मला वाटत होतं की काहीतरी माझ्या हातात आहे. नंतर एक वाजता शेजारी रिक्षाने घरी जायला निघाले, पण आधी बायकोला तिच्या बहिणीकडून आणायला गेले आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच अडकले.

घरी काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही त्या दिवशी, काही बऱ्याच वर्षांनी.

मुलीने फ्रीजमधलं सगळं बर्फ बाटल्यांत भरून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवलं. ओल्या चादरी खिडक्यांवर लावल्या. तासाभरात बर्फाचं पाणी झालं. ती समोरच्या ब्लॉकमधल्या दुकानात बर्फ मागायला धावत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली, तर नर आडवा पडलेला, तोंडातून लाळ. ती त्याला हातात घेऊन बसली आणि तो तिच्या हातातच गेला.

मग तिला फ्रीज सुचला. बंद असला तरी आत अजून गारवा होता. तिने मधली जाळी काढली. मोठी मादी आत मावत नव्हती असं नाही, पण ती हातातच येईना. कळा सुरू झाल्या होत्या. मुलीने तिला धरलं तेव्हा मुठीत लोकरीचा पुंजका आला आणि मादी निसटून खाटेखाली शिरली. घाबरलं की ते अशी लोकर सोडून देतात. मुलीने दोनदा प्रयत्न केला, दोनदा पुंजका हातात आला. मग तिने जानेवारीतलं पिल्लू टोपलीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं, आणि दार थोडं उघडायचं, बंद करायचं, परत उघडायचं, असं करत फ्रीजसमोर बसून राहिली. तिथून तिला खाटेखालचा आवाज येत होता. उठून गेलं तर पिल्लाचा गारवा जाईल, म्हणून ती उठली नाही. काही वेळाने आवाज थांबला.

मी पाच वाजता घरी पोहोचले. पपा वाचले होते. नवरा रात्रीच्या विमानाने येणार होता. जिना चढताना मी मनात हलकी होते, हे कबूल केलं पाहिजे. लाइट आली होती. एसी चालू होता, रिकाम्या खोलीवर गार हवा सोडत. मुलगी स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, मांडीवर पिल्लू. तिच्या फ्रॉकला लोकर चिकटलेली होती.

"बाकीचे?" मी विचारलं.

"खाटेखाली बघ."

फडक्यात गुंडाळलेला नर पिंजऱ्यात होता. मी वाकून पाहिलं. मादी भिंतीला टेकून पडली होती. तिच्याजवळ एक पिल्लू होतं, ओलं, न हलणारं. मी हात घालून दोघांना बाहेर काढलं आणि माझ्याही बोटांना लोकर चिकटून आली.

"आजोबा बरे आहेत," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी क्वार्टरमागच्या कडुलिंबाखाली आम्ही तिघांना पुरलं. जमीन इतकी कडक होती की आधी बादलीभर पाणी ओतावं लागलं. मी प्रार्थना म्हणायला लागले तेव्हा ती वर निघून गेली.

आठवड्याने पपा घरी आले. खाटेवर टेकल्याबरोबर त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे वाचलेल्या पिल्लाचा छोटा पिंजरा तेवढा होता. "मोठा पिंजरा कुठाय?" मी आधीच ठरवून ठेवलेलं सांगितलं, की मोठे दोघे उन्हाळ्यापुरते डेहराडूनला ओळखीच्यांकडे दिलेत. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मेले ते, आजोबा. तुम्हाला नेलं तेव्हा." पुढे दोन महिने ते आमच्याकडे होते. जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी मनातल्या मनात करायला सुरुवात केली. पावसाळ्यात ते नगरला परतले, आणि जानेवारीत झोपेतच गेले.

मुलगी रडली नाही. दफनाच्या वेळी ती वडिलांच्या बाजूला ताठ उभी होती. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे.

फ्रीजमधलं पिल्लू पुढे नऊ वर्षं जगलं. तिने त्याला कधी जोडीदार आणू दिला नाही आणि मला हात लावू दिला नाही. एसीला दुसरा इन्व्हर्टर लावला, तरी दर उन्हाळ्यात ती लाइट जायची वाट बघत जागी असायची. बारावीनंतर ती बंगलोरला गेली ती हवेसाठी, असं तिनेच सांगितलं. चिंचिलाला रेल्वेच्या एसी डब्यातून घेऊन गेली.

ते गेलं त्या दिवशी तिचा फोन आला. म्हातारपणाने गेलं, त्रास झाला नाही, म्हणाली.

"आई, त्या दुपारी मी फ्रीजसमोर बसून प्रार्थना केली होती," ती म्हणाली. "आजोबांना लवकर मरू दे, म्हणजे आई गाडी घेऊन घरी येईल. आणि मग जानेवारीत ते गेले."

मी बाकावर बसले. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये होते, लोक जात-येत होते. नऊ वर्षं ती हे घेऊन फिरत होती आणि मी समजत होते की तिचा राग माझ्यावर आहे.

"तू बारा वर्षांची होतीस," मी म्हटलं. "तुझ्यामुळे काही झालं नाही." हे कुणीही म्हणालं असतं. म्हणून मग मी तिला चाबीचं सांगितलं. शेजाऱ्यांनी मागितली होती, साडेबारा वाजता, आणि मी दिली नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"साडेबाराला नर जिवंत होता," ती म्हणाली.

"हो."

"हे मला तेव्हा सांगायला हवं होतंस. मी आजोबांवर ढकललं सगळं."

तिने फोन ठेवला. त्या नाताळला ती आली नाही, पुढच्याला आली. आता वर्षातून एकदा येते, चार दिवस राहते. वडिलांशी हसते, माझ्याशी नीट बोलते, स्वयंपाकात मदत करते. गेल्या वेळी तिने एकटीने नगरला जाऊन आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवली. मी येऊ का विचारलं, तर म्हणाली, "नको. मला त्यांच्याशी बोलायचंय." काय बोलली ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.