हरियालाची लाल चोच

आपल्या राज्याला स्वतःचं झाड आहे, फूल आहे, प्राणी आहे, पक्षी आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मी तशीच जगत होते बिचारी. आंबा, ताम्हण, शेकरू आणि हरियाल. कुणीतरी साहेबांनी मुंबईत बसून ठरवलं असणार. ठरवा बापडे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलानं गंगापूर रोडला फ्लॅट घेतला होता आणि नात तिथल्याच एका शाळेत पहिलीला होती. एक मेला झेंडावंदन झालं की या चार मानकऱ्यांचे वेश करून मुलांनी स्टेजवर यायचं, असं वर्गाच्या बाईंनी काढलं. आंबा झाला ट्रस्टींचा नातू. झाडाला नुसतं उभं राहायचं असतं, तेवढं त्याला जमण्यासारखं होतं. ताम्हण झाली वर्गातली सगळ्यांत गोरी मुलगी. ते फूल जांभळं असतं, पण जाऊ द्या. शेकरू झाला तो मुलगा, ज्याच्या घरात गेल्या वर्षीचं माकडाचं शेपूट पडून होतं. हरियाल म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तो आमच्या वाट्याला आला.

पोरगी हरखून गेली, 'मी हरियाल, आपल्या राज्याचा पक्षी' हे आपलं वाक्य दिवसभर घोकत सुटली. घोळक्यातलं गवत सोडलं तर शाळेत ती तोवर काहीच झाली नव्हती.

दोन दिवस आधी बाईंनी पिशवी हातात दिली. उघडून बघते तर हिरवा झगा आणि त्याला ही एवढी लालभडक चोच.

"बाई, हा पोपट आहे."

"आजी, हिरवाच हवा ना पक्षी? ड्रेपरीवाल्याकडे हिरव्यात एवढाच होता."

जशी काही मी येवल्याला पैठणी बघायला बसले होते.

घरी नातीनं विचारलं, "आजी, तू खरा पाहिलायस?"

"पाहिलाय. खाल्लापण आहे."

आता खोटं कशाला बोलू? माझं माहेर इगतपुरीच्या वरच्या डोंगरातलं. हरियाल म्हणजे हिरवं रानकबूतर, आम्ही त्याला हरोळी म्हणायचो. उंबर पिकला की थवेच्या थवे उतरायचे आणि पानांत असे मिसळायचे की झाडच शीळ घालतंय असं वाटावं. बाप गलोल घेऊन निघायचा. तेव्हा हरोळी राज्याची नव्हती, ज्याचा नेम बसेल त्याची होती. आपण राज्यपक्ष्याचं कालवण करतोय हे आईला माहीत असतं, तर तिनं निदान चांगलं पातेलं काढलं असतं.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला पोपट नाही व्हायचं."

मग लागले कामाला. जुन्या मोज्याचं राखाडी कापड चोचीवर शिवलं. खांद्यावर जांभळी चिंधी लावली. पाय पिवळे हवेत, म्हणून हळद कालवून घोट्यापर्यंत फासली.

एक मेला बाई म्हणाल्या, "आजी, हळद लावून आणलीत, लग्न आहे का हिचं?" आणि चोचीवरचं कापड टराटरा उसवलं. ड्रेपरीवाल्याची वस्तू खराब होईल म्हणे.

पोरगी लाल चोचीनं स्टेजवर गेली. पाहुणे वनखात्यातले साहेब होते. ते म्हणाले, "अरे वा, पोपट. बोल बाळा, मिठू मिठू."

मंडप हसला. पोरीचं पाठ केलेलं वाक्य राहूनच गेलं. ती म्हणाली, "मी पोपट नाही."

"मग कोण?"

"हरियाल. माझ्या आजीनं खाल्लाय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सूनबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. साहेबांनी माइकवरनंच विचारलं, "खरं का हो, आजी?"

उठले. म्हटलं, "खरं आहे साहेब. पण तेव्हा त्याला सरकारी नोकरी लागली नव्हती."

साहेब खो खो हसले. त्या हसण्यात मी सांगून घेतलं, की चोच तशी लाल नसते, आणि पाय बघा, पाय बरोबर आहेत. साहेबांनी वाकून पाय पाहिले. मला वाटतं, त्यांनी हरियाल पहिल्यांदाच पाहिला.

प्रमाणपत्रावर बाईंनी आदल्या दिवशीच 'पोपट' लिहून ठेवलं होतं. पोरीनं वाचलं आणि हात पाठीमागे बांधले. घेईच ना. मागे आंबा खोळंबला, शेकरूची शेपटी सुटायला आली, बाई डोळे वटारून दमल्या. शेवटी साहेबांनी खिशातलं पेन काढलं, पोपट खोडला, वर हरियाल लिहिलं आणि शेजारी सही ठोकली. खाडाखोडीवर सही करायची सवय असते त्यांना.

मग तिनं कागद घेतला आणि पायऱ्या उतरता उतरता, माइक नसताना, आपलं वाक्य म्हणून टाकलं.