बाहुलीचं कपाट

परदेशी पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली की आमच्या रुग्णालयात दोनच गोष्टी उरतात, फ्लेक्स आणि किस्से. फ्लेक्स पावसाळ्याआधी लाकडांवर घालायला लोक घरी नेतात. किस्से माझ्याकडे साठतात, कारण मालवणजवळच्या या छोट्या रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन, आणि इंग्रजी बरं म्हणून पाहुण्यांचा दुभाषीही.

* * *

पहिल्या वर्षी विषय होता, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा. आमच्याकडे बाळंतपणं करते सुनीता सिस्टर. आदल्या वर्षी एक बाळ तिच्या हातात निळं पडून गेलं होतं, तेव्हापासून तिला हे शिकायचंच होतं. पण प्रशिक्षणाच्या दिवशी लेबर रूममध्ये कोणीतरी हवंच, म्हणून ती तिथे. खुर्च्या भरायला स्टोअरचा क्लार्क, मी आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गोपाळ. रबरी बाहुलीच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबायचा होता. गोपाळचा पहिला नंबर आला. सर्टिफिकेट उलटसुलट बघत तो म्हणाला, "आता मी गाडी चालवूची काय श्वास देवचो?"

* * *

चहाच्या सुट्टीत सिस्टर दहा मिनिटांसाठी धावत आली. पडद्यावर लिहिलं होतं, बाळ रडलं नाही तर दुसऱ्या टीमला बोलवा.

ती मला म्हणाली, "ड्युटीर मी आणि राधाक्का आया. दुसरी टीम खंय गावतली, इचार त्यांका."

पाहुण्या डॉक्टरीणबाई उत्सुकतेने माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या मागे आमचे साहेब, म्हणजे मुख्य डॉक्टर, डोळे वटारून उभे. मी इंग्रजीत सांगितलं, "त्या तुमचे आभार मानताहेत." त्याची मला आजही लाज वाटते.

* * *

जाताना पाहुण्यांनी बाहुली आणि मास्क-फुग्यासकट तिचा पूर्ण संच आम्हाला भेट दिला, रोजच्या सरावासाठी. साहेबांनी तो त्याच दिवशी कपाटात घालून कुलूप लावलं. सिस्टर दर सोमवारी किल्ली मागायची. "खराब झाली तर पुढच्या वर्षी पाहुण्यांना काय दाखवू?" हे साहेबांचं ठरलेलं उत्तर.

लेबर रूममधला बाळांचा मास्क फाटलेला, नव्याचं मागणीपत्र कुठल्यातरी टेबलावर झोपलेलं. शेवटी सिस्टरने टॉवेलची गुंडाळी करून त्या फाटक्या मास्कनेच सराव सुरू केला. मी शेजारी बसून इंग्रजी पुस्तिका मराठीत सांगायचो. राधाक्का एकदा म्हणाली, "बाळांचा काय तां होव दे, साहेबांनी भावली मात्र वाचवल्यानी."

* * *

दुसऱ्या वर्षी पाहुणे आले. बाहुलीला पावडर लावून, अबोलीच्या फुलांचा वळेसर माळून टेबलावर बसवली होती. डॉक्टरीणबाई भारावल्या. इतके देश फिरले, पण इतकी नीट ठेवलेली बाहुली कुठे पाहिली नाही, म्हणाल्या. साहेबांना त्याबद्दल सन्मानचिन्ह मिळालं.

* * *

त्या सन्मानावर भाषण करायला साहेब कुडाळला गेले, बाहुली पुन्हा कपाटात ठेवून आणि किल्ली खिशात घेऊन. त्याच सकाळी बाजारात मासे विकणाऱ्या बाईची सून बाळंत झाली. बाळ रडेना. निळं पडायला लागलं. फाटक्या मास्कमधून हवा बाहेरच जात होती.

"गोपाळ, कपाट फोड," सिस्टर म्हणाली.

गोपाळने गाडीतला पाना आणून दोन घावांत कुलूप तोडलं. सिस्टरने बाहुलीचा मास्क बाळाच्या तोंडावर बसवला आणि ती फुगा दाबत राहिली. मग बाळ रडलं. राधाक्का रडली, मीही रडलो.

तिसऱ्या दिवशी सिस्टरला साहेबांचा मेमो आला. "प्रशिक्षणाचे साहित्य प्रत्यक्ष रुग्णावर कोणाच्या परवानगीने वापरले, याचा तात्काळ खुलासा करावा."

सिस्टरने तो शांतपणे वाचला. वॉर्डात जाऊन आईला विचारून बाळ उचललं, साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि टेबलावर मेमो पसरून त्यावर बाळ ठेवलं.

"सर, हा खुलासा."

बाळाने असा सूर लावला की ओपीडीतली माणसं दाराशी जमली. साहेबांनी बाळाखालून मेमो हळूच ओढून घेतला, त्याची घडी केली आणि म्हणाले, "ठीक आहे. पण लेखी द्या."