अंगठा न देणारी वाडी

आमच्या महारुद्र गुरुजींनी सात वर्षांपूर्वी माझ्याशी बोलणं टाकलं, ते माझ्या कंट्रोलच्या दुकानात आलेल्या मशीनमुळं. त्यावर अंगठा टेकवला की माणसाची ओळख पटते आणि रेशनचं धान्य मिळतं. तालुक्याला भूमला जाऊन मी ते कौतुकानं आणलं, हार घातला, नारळ फोडला. गुरुजी रोजच्यासारखे दुकानाबाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले होते. पहिल्या बाईनं अंगठा लावताना त्यांनी पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "शिवकुमार, तुझ्या आईला सही यायला सहा महिने लागले होते रे." एवढं बोलून घरी गेले. त्यानंतर ते बाकावर बसले नाहीत.

मला राग आला. मशीन सरकारचं, मी काय घरी बनवलं होतं? पण गुरुजींचा राग कळायला त्यांचं आयुष्य माहीत पाहिजे.

गुरुजी येरमाळ्याकडचे. सत्तर साली, एकविसाव्या वर्षी, आमच्या वाडीच्या एकशिक्षकी शाळेवर आले. दोन वर्षांनी मोठा दुष्काळ पडला आणि सगळी वाडी खडी फोडायला गेली. कामावरचं मस्टर लिहायला गुरुजींना बोलवायचे. एकेक माणूस पुढं यायचं, डावा अंगठा शाईत बुडवायचं आणि खाली मान घालून कागदावर उठवायचं. शेजारी गुरुजींनी लिहायचं, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. एका दिवसात शंभर वेळा ते लिहून त्यांचं डोकं फिरलं. या वाडीतली निशाणी घालवल्याशिवाय बदली मागणार नाही, असं त्यांनी तिथंच मुकादमाला सांगितलं. मुकादम हसला म्हणे.

दमलेली माणसं वर्गाला येणार नाहीत हे त्यांना कळत होतं, म्हणून काम त्यांनी पोरांवर टाकलं. चौथीतल्या प्रत्येकानं आपल्या आईला सही शिकवायची आणि तिच्या हातची सही पाटीवर शाळेत आणायची. माझी पाळी ब्याऐंशी साली आली. माझी आई, सारजाबाई, पाटी दिसली की चुलीपुढून हलायची नाही. कंटाळून एकदा मीच तिची सही ठोकली. गुरुजींनी आधी पाटी बघितली, मग माझा कान बघितला, आणि तो असा पिळला की आजही आठवण आली की हात तिकडं जातो. पुढं सहा महिने मी आईच्या मागं लागलो. ती सही करायला लागली त्या दिवशी तिनं गुरुजींच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या. कान पिळला गेला माझा, पोळ्या त्यांना!

कडूबाईला मात्र शाळेत पोर नव्हतं. जगावी म्हणून आईबापानं कडू नाव ठेवलेली ही धनगराची सून. खडीच्या कामावर पहिला अंगठा दिला तेव्हा सतरा वर्षांची. दुष्काळ सरल्यावर नवरा मेंढरं घेऊन मुलखात फिरायचा, ही शेरडं घेऊन माळावर. चौऱ्याहत्तर साली गुरुजी तिच्यामागं माळावर गेले.

"शिकंन की," कडूबाई म्हणाली, "शेरडं तुमी राखता का?"

गुरुजींनी राखली. तो सगळा हिवाळा दर रविवारी गुरुजी शेरडांमागं आणि कडूबाई काठीनं मातीत अक्षरं गिरवणार. एकदा शेरडं शेजारच्या तुरीत घुसली. तुरीच्या मालकानं गुरुजींना बांधावर उभं करून जे ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण संक्रांतीला कडूबाईनं मातीत पूर्ण नाव काढलं, 'कडूबाई ज्ञानोबा वाघमोडे', आणि त्यावरून शेरडं जाऊ नयेत म्हणून संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली. त्यानंतर तिनं कुठंच सहीच्या जागी अंगठा दिला नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या ग्रामसभेत शाईचं पॅड बाहेर काढावंच लागलं नाही. सगळ्या सह्या. गुरुजींनी ते पॅड उचललं, चालत उकिरड्यापर्यंत गेले आणि फेकून आले. ग्रामसेवक बघतच राहिला. आमच्या वाडीला ना नदी, ना मोठं देऊळ, ना कुणी आमदार. पण अंगठा न देणारी वाडी म्हणून आम्ही तालुक्यात छाती काढून फिरायचो, अजूनही फिरतो.

हा माणूस एवढ्यावर थांबला नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात घराघरातून भाकरी गोळा करून लोहाऱ्याकडं गेला आणि महिनाभर तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवत राहिला. दोन हजार सातला रिटायर झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत, झाडांना पाणी घालायला. आज शहात्तराव्या वर्षीही म्हाताऱ्यांना एसटीनं धाराशिवला मोतीबिंदूच्या शिबिराला नेतो. कडूबाईचे दोन्ही डोळे त्यांनीच तीन वर्षांपूर्वी करून आणले. हे सगळं चालू होतं; फक्त माझ्या दुकानापुढून जाताना मान पलीकडं असायची.

यंदा आदेश आला. कार्डावरच्या प्रत्येकानं स्वतः येऊन अंगठा लावायचा, नाहीतर महिनाअखेरीला नाव कमी. आजवर कडूबाईच्या घरातून तिचा मुलगा रणधीर अंगठा लावून धान्य न्यायचा. आता तिलाच यावं लागणार होतं. मी तीनदा निरोप धाडला. चौथ्यांदा स्वतः गेलो.

"सही घे," ती म्हणाली. "अंगठा न्हाय द्यायची."

"मावशी, नाव कटंल. धान्य बंद होईल."

"हू दे बंद. पन्नास वर्सात दिला न्हाय, आता मरताना देऊ व्हय?"

दोन दिवस उरले तेव्हा मी गुमान गुरुजींच्या दारात गेलो. तिला समजावणारं दुसरं कोणी नव्हतं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. जो अंगठा घालवायला जन्म घातला, तोच आता त्यांनी मागायचा होता. मला वाटलं, पुन्हा कान पिळतील. पिळला असता तर बरं वाटलं असतं. पण ते उठले आणि चपला घातल्या.

कडूबाई गोठ्यात शेरडांना पाला टाकत होती. गुरुजी म्हणाले, "कडूबाई, तुझं नाव मी मातीत लिहून घेतलं. ते कागदावरून पुसलेलं मला बघवणार नाही. चल माझ्यासंगं."

"तुमी म्हणता?"

"मीच म्हणतो."

तिचे डोळे भरले, पण ती आली. दुकानात रांग होती, सगळ्या वाडीतल्याच बाया. कडूबाईनं कुणाकडं न बघता अंगठा टेकवला. लाल दिवा. पुन्हा लाल. हात धुतले, पदरानं पुसले, दहाही बोटं लावून झाली. खडी फोडून, ऊस तोडून त्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती.

कडूबाईनं दोन्ही हात वर करून रांगेला दाखवले. "बघा गं! मपला अंगठाच न्हाई. सहीच हाय!"

रांग हसली आणि सात वर्षांत पहिल्यांदा गुरुजी माझ्या दुकानात हसले. मग बोटं उठत नाहीत त्यांच्यासाठीचं, बुबुळावरून ओळखणारं डोळ्यांचं मशीन मी काढलं. कडूबाईनं त्यात रोखून बघितलं आणि पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. गुरुजींनी करून आणलेल्या डोळ्यांनी तिचं नाव वाचलं.

काम झालं होतं. पण मला राहवलं नाही. फळीवरून मी एक कोरी वही काढली, तिच्यापुढं ठेवली आणि पेन दिलं.

"हे कशाला? सरकारला पायजे?"

"सरकारला नको, मावशी. मला पायजे."

तिनं पूर्ण नाव लिहिलं. सावकाश, दाबून. मागची बाई म्हणाली, "मलाबी करू दे सही." मग तिच्या मागची. ज्यांनी सात वर्षं मुकाट अंगठे दिले होते त्या सगळ्यांनी वही मागितली. माझी आई घरातून ओले हात पुसत आली आणि मधेच घुसली. तिला कोण अडवणार!

सगळ्यांच्या झाल्यावर गुरुजींनी वही मागून घेतली. बाकावर बसले, चष्मा लावला आणि शाळेत वाचायचे तसं मोठ्यानं वाचायला लागले. नाव वाचायचं, मान वर करून बघायचं. साठी-सत्तरीच्या बाया पिशव्या खाली ठेवून ताठ उभ्या राहिल्या आणि एकेक जण 'हजर, गुरुजी' म्हणू लागली. माझ्या आईनं तर हात वर केला.

पहिल्या ओळीवरचं नाव त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

"कडूबाई ज्ञानोबा वाघमोडे."

कडूबाई इकडं-तिकडं बघायला लागली. ती जन्मात शाळेत बसली नव्हती; हजेरीत नाव आल्यावर काय म्हणायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुजी वही धरून थांबले. माझ्या आईनं तिला कोपरानं ढोसलं.

"हाय की," कडूबाई म्हणाली. "हितंच हाय, गुरुजी."