उशिरा पोचलेली गाडी

फोन वाजला की भाऊ आधी गावाचं नाव विचारत नसत. डाव्या हाताने रिसिव्हर कानाला लावायचा, उजव्या हाताने खिळ्यावरची किल्ली काढायची आणि विचारायचं, "मानसं बाहेर हायेत का?"

पलीकडचा माणूस घाबरलेला असे. गावाचं नाव, घरमालकाचं नाव, आग कशी लागली, कोणी पाहिली, सगळं एका दमात ओतत असे. भाऊ त्याला मध्येच तोडत. "ते मंग सांगा. मानसं बाहेर हायेत का, तेवढं बोला." 'हो' म्हटलं की त्यांचा चेहरा सैल पडे आणि ते शांतपणे रस्ता विचारून घेत. 'नाही' आलं तर रिसिव्हर तसाच वायरीला लोंबकळत राही. मग तो उचलून उरलेला पत्ता घेणं आणि खिडकीतून ओरडून सांगणं हे माझं काम. मी नगरपरिषदेत घरपट्टीच्या टेबलावर होते. माझी खिडकी अग्निशमनच्या शेडकडे उघडायची, आणि मधल्या भिंतीतलं दार कोणी कधी लावलं नाही. नोकरीच्या कागदावर नसलेलं हे काम मी वर्षानुवर्षं केलं.

तुमच्या गावातही अशी एक लाल गाडी असेल आणि भाऊंसारखा तिचा ड्रायव्हर तुम्ही बहुधा कधी नीट पाहिला नसेल. आग पेटलेली असताना लोक आगीकडे बघतात, विझल्यावर जे उरलं त्याच्याकडे बघतात. पाईप गुंडाळणाऱ्याकडे बघायला कोणाला सवड नसते.

आमची गाडी नवी नव्हती. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी ती आमच्या शेडमध्ये आली. ती कुठून आली ते मला माहीत नाही, पण भाऊ सगळ्यांना सांगत, "दोन भावांची वाटनी झाली, अन् म्हातारी माय आपल्याकडं आली. आता सांभाळा लागते." सकाळी आल्याबरोबर ते तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहत. मी एकदा विचारलं, हे काय? म्हणाले, "काही नाही बाई. इचारून राहिलो, आज येशीन का म्हनून."

धान कापून झालं की त्यांचा खरा हंगाम. कापलेल्या धानाचे शेतात उंच ढीग रचतात, त्यांना आमच्याकडे पुंजणे म्हणतात. एक ठिणगी पडली की वर्षाची मेहनत जळते. भाऊ पाणी मारून झाल्यावरही निघत नसत. पुंजण्याच्या पोटात हात घालून आतलं न जळलेलं धान बाहेर काढून देत. एकदा एकोडीकडच्या एका शेतकऱ्याने त्यांचा हात धरून विचारलं, "कोनं लावली असंन जी?" भाऊ म्हणाले, "मी पानीवाला आहो दादा, पोलीस नाही. पोलीस आले का तुले इचारतीन, आग तूच लावली का म्हनून." शेतकरी रडता रडता हसला.

विहिरीतल्या म्हशीची गोष्ट तर गावात बरीच वर्षं चालली. म्हैस पडली, गाडी गेली, भाऊ दोर बांधून स्वतः आत उतरले आणि म्हशीच्या पोटाखालून पट्टे घातले. वर ओढून काढल्याबरोबर म्हैस जी उधळली ती थेट रस्त्याने. मालक तिच्यामागे, मालकामागे पोरं, पोरांमागे दोर धरलेली माणसं. विहिरीवर कोणीच नाही. आतून भाऊंचा आवाज, "अरे, मलेही काढा ना बे! मी तिच्याहून हलका आहो!" हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. तेव्हा आम्ही हसायचो. आता मला तो सांगवत नाही.

त्यांना एक दिवस फार प्रिय होता, चौदा एप्रिल. सकाळी अग्निशमन दिन म्हणून गाडी धुऊन तिला हार घालायचा, शहीद जवानांसाठी उभं राहायचं, आणि गणवेश न काढताच वस्तीतल्या बाबासाहेबांच्या मिरवणुकीत शिरायचं. "दोनी सन माह्येच," ते म्हणत. त्यांच्या वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली होती. सरकारी गणवेश घालणारे घराण्यातले हे पहिलेच. बूट इतके चमकवत की साहेबांचे त्यांच्यापुढे मळकट दिसत.

एवढा हसरा माणूस, पण गाडीच्या बाबतीत वाकडा. आमच्याकडे त्या गाडीला आगीपेक्षा इतर कामं जास्त असत. कोणाच्या मंडपात पाणी पोचवा, कोणी मोठं येणार म्हणून रस्ता धुवा, क्रिकेटच्या सामन्यासाठी पटांगण भिजवा. एका नगरसेवकाने घरच्या लग्नासाठी गाडी मागितली, तेव्हा भाऊ म्हणाले, "मंडपाले आग लावा, मंग आनतो." नगरसेवक चारचौघांत हसले. पण ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं, हे पुढे आम्हाला कळलं.

तो दिवस उन्हाळ्यातला. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तो मोसम. मंत्री हेलिकॉप्टरने येणार होते. हायस्कूलच्या पटांगणावर धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं आणि हेलिकॉप्टर उतरेपर्यंत गाडी तिथेच उभी ठेवायची, असा हुकूम होता. भाऊंनी पाणी मारलं, टाकी पुन्हा भरून आणली आणि उन्हात उभे राहिले.

दुपारी शेडमधला फोन वाजला. शेडमध्ये कोणीच नव्हतं, म्हणून मी घेतला. जंगलाच्या कडेच्या एका गावातून होता. पाचोळ्याची आग गोठ्याला लागून घरांकडे निघाली होती. मी भाऊंचाच प्रश्न विचारला. पलीकडून बाई ओरडली, "नाही ना! म्हातारी आत हाये! तिचं अंग गेलेलं हाये, उठता येत नाही तिले!"

मी भाऊंच्या मोबाइलवर फोन केला. त्यांनीही तेच विचारलं. मी सांगितलं. "हाव," एवढंच म्हणाले.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, पण पटांगणावर असलेल्या आमच्याच शिपायाने मला सांगितलं. भाऊ नगरपरिषदेच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, हेलिकॉप्टर आता येईलच, ते उतरू दे, मग जा. शेजारच्या साकोलीची गाडी पाठवायला सांगतो. भाऊ गाडीजवळ येऊन उभे राहिले. आकाशात काही दिसेना. ते पुन्हा गेले. "साहेब, म्हातारी आत हाये." साहेब म्हणाले, "तुला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" तिसऱ्यांदा भाऊ गेलेच नाहीत. ते गाडीत चढले, सायरन लावला आणि बांबूचे अडथळे बाजूला सारून निघाले. साहेब मागून हात हलवत धावले, हे सांगताना शिपायाला हसू आलं आणि मग त्याचंच त्याला वाईट वाटलं.

साकोलीची गाडी दुसऱ्याच एका आगीवर गेलेली होती.

भाऊ पोचले तेव्हा घराचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, छप्पर खाली आलं होतं. त्यांनी पंप चालू करून दिला, ओलं पोतं अंगावर घेतलं आणि आत शिरले. म्हातारीला उचलून बाहेर आणलं. ती कधीच गेलेली होती. त्यांनी तिला कडुनिंबाखाली ठेवलं, अंगावरचं पोतं तिच्यावर पांघरलं आणि उठून उभे राहिले, तोच पहिला दगड आला. "आता आला का बे? आता कायले आला?" मग काठ्या. बरोबरचे दोघं फायरमन पळाले. भाऊ पळाले नाहीत. का, ते मला कधी कळलं नाही. गाडीची काच फुटली. त्यांचा डावा हात कोपरात मोडला.

दुसऱ्या दिवशी मंत्री त्या गावात गेले. म्हातारीच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की घरकुल मिळेल आणि गाडी उशिरा आणणाऱ्याला सोडणार नाही. फोटो निघाले. संध्याकाळी भाऊंच्या निलंबनाचा आदेश टाइप झाला. आरोप दोन. हुकूम नसताना नेमून दिलेली जागा सोडली, हा पहिला. घटनास्थळी उशिरा पोचले, हा दुसरा. ज्याने टाइप केला त्याला मी म्हटलं, "अरे, हे दोन्ही एकाच कागदावर कसं लिहितोस?" तो म्हणाला, "मॅडम, मी लिहीत नाही, मी टाइप करतो."

चौकशीत मला बोलावलं होतं. फोन मी घेतला, कधी घेतला, भाऊंना काय सांगितलं, सगळं मी सांगितलं. ते कोणामुळे थांबले तेही सांगितलं. चौकशी करणारे अधिकारी नम्रपणे म्हणाले, "बाई, फोन आला होता एवढं पुरे." शिपाई साक्षीला आलाच नाही. त्याचा मुलगा नगरपरिषदेतच रोजंदारीवर लागायचा होता. त्याला मी दोष देत नाही. पण त्याच्या हातचा चहा नंतर मला गोड लागला नाही.

एका रविवारी भाऊंचा हात कसा आहे ते बघायला मी त्यांच्या घरी गेले. वहिनी पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पायरीखाली चपला काढल्या आणि आत येईना. तो म्हातारीचा मुलगा होता.

भाऊंनी त्याला ओळखलं. "ये ना. बस."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "मले आता समजलं जी. तुमाले त्याईनं अडवून ठेवलं होतं म्हनून. तुमी तवा काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू?" भाऊ म्हणाले. "तुही माय तिथं पडली होती. तिच्यापुढं उभा राहून म्हनू का, माझी चूक नाही म्हनून?"

तो रडायला लागला. भाऊंच्या पाया पडायला वाकला, तर भाऊंनी चांगल्या हाताने त्याला वर उचललं. मी मध्ये पडले. म्हटलं, "दादा, हेच चौकशीत येऊन सांगा. तुमच्या बोलण्याला वजन आहे. माय तुमची गेली आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "घरकुल मंजूर झालं हाये, बाई," तो म्हणाला. "त्याईच्याच हातून. लेकरं झाडाखाली झोपून राहिले."

वहिनींचा तांदळातला हात थांबला. मला वाटलं, आता भाऊ चिडतील. चिडावं असं मला फार वाटत होतं. पण ते म्हणाले, "मंग स्लॅबचं बांध. लाकूड लावू नको वर."

तो गेल्यावर वहिनींनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. "तुमाले मारलं त्यानं. अन् तुमी त्याले स्लॅब सांगून राहिले."

"मंग काय कवेलू सांगू?" भाऊ म्हणाले. हसायचं होतं की नाही ते आम्हाला दोघींनाही कळलं नाही. ते स्वतः हसले नाहीत.

पुढे त्यांना परत घेतलं, पण गाडीवर नाही. मोडलेल्या हाताचं कारण दाखवून कोंडवाड्यावर नेमलं. मोकाट गुरं पकडून आणतात, मालक येऊन सोडवून नेईपर्यंत तिथे ठेवतात. भाऊ त्यांना चारा घालत, पाणी पाजत, आणि गुरं का पकडली म्हणून येणाऱ्यांच्या शिव्या खात. अग्निशमनचा गणवेश घालायचा नाही असं त्यांना सांगितलं होतं. ते साधा शर्ट घालून येत. बूट घालणंही त्यांनी सोडलं.

मी एकदा भेटायला गेले तेव्हा ते एका वासराच्या मानेतलं दोरखंड सैल करत होते. कसं चाललंय म्हणून विचारलं. म्हणाले, "ढोरं बरी, बाई. उशीर झाला म्हनून मारत नाही."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून आलेला कडू शब्द हा एकच. तोही त्यांनी वासराकडे बघत म्हटला.

मग नवी गाडी आली. तिच्यावर मंत्र्यांचा फोटो होता. नारळ फोडायला लग्नासाठी गाडी मागणारे तेच नगरसेवक पुढे होते आणि चालवायला त्यांचा भाचा, कंत्राटावर. कार्यक्रमाला सगळ्या विभागांना बोलावलं होतं. कोंडवाड्याला बोलावायचं राहून गेलं. शेड आणि माझ्या खोलीमधल्या दाराला कुलूप लागलं. फोन वाजताना मला ऐकू येई. कधी कोणी उचले, कधी नाही.

भाऊ निवृत्त झाले आणि थोड्याच काळात छातीच्या दुखण्याने गेले. डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढत होते का. वहिनी म्हणाल्या, "नाही जी. लोकांचा धूर गिळला त्याईनं."

अंत्ययात्रेला वस्ती होती, ऑफिसातली आम्ही तीन-चार माणसं होतो. उपासक पुढे त्रिशरण म्हणत चालले होते. महामार्ग ओलांडून पलीकडे जायचं होतं. चौकात पोलिसाने हात आडवा केला. ताफा यायचा होता. ऊन डोक्यावर होतं. खांदेकरी उभे राहिले, मग त्यांनी खांदे बदलले, मग पुन्हा बदलले. कोणीतरी पोलिसाला म्हणालं, "साहेब, मयत हाये." पोलीस म्हणाला, "मला दिसतंय ना. दोन मिनिटं."

गाड्या आल्या. पांढऱ्या, काळ्या, एकामागून एक, काचा वर केलेल्या. सगळ्यात शेवटी अग्निशमनची नवी गाडी, हेलिपॅडकडे निघालेली. आमची गर्दी थोडी रस्त्यावर आली होती. भाच्याने कर्कश हॉर्न वाजवला आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागे सरका म्हणून खूण केली. तिरडीवर कोण आहे हे त्याला ठाऊक नसावं.

खांदेकरी भाऊंना घेऊन दोन पावलं मागे सरले.

गाडीच्या टाकीतून पाणी सांडत गेलं होतं. तापलेल्या डांबरावर त्याची लांब ओली रेघ पडली. पोलिसाने हात खाली घेतला, आणि आम्ही तिथवर पोचेपर्यंत ती वाळून गेली होती.