भोंग्याचा सा

लढाई सुरू झाली आणि माझ्या नवऱ्याची दारूगोळ्याच्या फॅक्टरीतली पाळी बारा तासांची झाली. पहाटे उठून त्याचा डबा, मग घरचं आवरणं, मग चेरीताल मोहल्ल्यातल्या शाळेत माझी तिसरीची बावन्न पोरं. थकवा अंगात इतका मुरला होता की खडू उचलणंही जिवावर यायचं.

पाढे कुणाच्या डोक्यात शिरेनात, म्हणून मी वर्गाच्या तीन रांगा केल्या होत्या. एकीनं बाकावर सात मात्रांचा ठेका धरायचा, दुसरीनं सा लावून ठेवायचा, तिसरीनं त्यावर साताचा पाढा गायचा. रोज कामं बदलायची. एक रांग पुढे पळाली की सगळंच कोसळायचं, त्यामुळे पोरं एकमेकांकडे कान देऊ लागली. शाळेची पेटी मोठ्या बाईंच्या कपाटात कुलूपबंद. तेव्हा सा घ्यायचा तो फॅक्टरीच्या एकच्या भोंग्यावरून. बेसूरच तो, पण रोज न चुकता यायचा.

वर्गात एक मुलगी बोलताना फार अडखळायची. तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली. तिचा बाप रात्रपाळी करून थेट शाळेत आला. म्हणाला, "बाई, यंदा बी नापास झाली तं घरीच बसवतो. धाकट्या पोरांले तरी सांभाळते." मला त्याचा राग आला, आणि त्याचे तारवटलेले डोळे पाहून गेलाही. ठेक्यावर पाढा म्हणताना ती पोर एकदाही अडखळत नसे, हे त्याला सांगायचं राहिलंच.

मग भोंगा बंद झाला. यापुढे तो वाजणार फक्त शत्रूची विमानं आली तर. एक वाजला की पोरं हात बाकावर ठेवून माझ्याकडे बघायची, आणि मी कसाबसा सा द्यायचे.

तोंडी परीक्षा घ्यायला मोठ्या बाई स्वतः बसल्या. "चलो, साताचा पाढा."

मुलगी उभी राहिली. "स... स..." करत तिनं माझ्याकडे पाहिलं. टेबलावर बोटानं सात ठोके दिले असते तरी पुरलं असतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. नोकरीची भीती होती हे खरं, पण त्याहून खरं हे, की मी दमले होते.

मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच सा लावला. भोंग्याचाच, तोच बेसूर. मग सगळी रांग त्यात मिसळली. दुसऱ्या रांगेनं ठेका धरला. मुलीनं डोळे मिटले आणि सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत गाऊन टाकलं.

"ही परीक्षा आहे की भजनी मंडळ?" मोठ्या बाई कडाडल्या. पण चूक एकही नव्हती, म्हणून पास लिहावं लागलं. मग माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून वर्गात गाणं बंद. समजलं?"

"जी," मी म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. रोजचं एक काम कमी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता सगळ्यांनी हात बाकावर ठेवले. मी गणिताचं पुस्तक उघडलं. तीच मुलगी उठली.

"ब... बाई, आज क... काहून न... नाही?"

तिचं वाक्य पुरं होईपर्यंत वर्गात कुणी हललं नाही, कुणी हसलं नाही. इतकं थांबायला मीच त्यांना शिकवलं होतं.

मी म्हटलं, "खाली बस."